चुन-लीची लाइफ किती असावी?

१९९१च्या सुरुवातीला जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला, तेव्हा खेळायला आठ जण मिळायचे: रियू, होंडा, ब्लांका, गाइल, केन, झॅन्गिफ, धाल्सिम आणि चुन-ली. आपण निवडलेला सोडून उरलेल्या सात जणांना लोळवलं की चार मोठे खलनायक एकेक करून समोर यायचे, तेही सगळे पुरुष. बारा जणांच्या त्या खेळात बाई एकच होती.

ती कशी घडली, तिला घडवताना कोणता वाद झाला, त्याचा निकाल काय लागला आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत तिचं काय झालं, हे इथे मांडायचं आहे. चुन-लीवर लिहिलेलं बरंचसं तिच्या निळ्या झग्यापाशी आणि दोन अंबाड्यांपाशी घोटाळत राहतं. तिच्याबद्दलची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पडद्याच्या वरच्या कडेला असते. तिथली ती पिवळी पट्टी, जिला पार्लरमधली पोरं ‘लाइफ’ म्हणायची.

ज्यांनी हे खेळ कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही मुंबई-पुण्यापासून छोट्या शहरांपर्यंत व्हिडिओ गेमचे पार्लर होते. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला त्यातल्या एका पात्रावरून सगळे ‘मुस्तफा’च म्हणायचे, ‘किंग ऑफ फायटर्स ९७’च्या मशीनभोवती गर्दी असायची. ‘स्ट्रीट फायटर’ही त्याच पठडीतला. पडद्यावर दोघे समोरासमोर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक पट्टी. मार बसला की पट्टी घटते, संपली की माणूस आडवा. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा पुढे. बाकी रंग, संगीत, कथा हे सगळं त्या पट्टीभोवती उभं केलेलं असतं. पट्टी किती लांब ठेवायची हे ठरवणं म्हणजे कोण किती तगडा आहे हे आकड्यात लिहिणं.

आधीचं चित्र

पहिला ‘स्ट्रीट फायटर’ १९८७चा. त्यात खेळायला रियू मिळायचा, दुसरा खेळाडू उभा राहिला तर त्याला केन. समोर येणारे प्रतिस्पर्धी झाडून सगळे पुरुष. खेळ बेताचाच चालला. तो बनवणारे ताकाशी निशियामा पुढे कॅपकॉम सोडून एसएनके या स्पर्धक कंपनीत गेले आणि दुसरा भाग नव्या मंडळींच्या हाती आला. योशिकी ओकामोतो निर्माते, अकिरा निशितानी आखणीकार, अकिरा यासुदा चित्रकार. खेळांच्या श्रेयनामावलीत टोपणनावं घालायची तेव्हा रीत होती, त्यामुळे निशितानी ‘निन’ आणि यासुदा ‘अकिमान’ म्हणून जास्त ओळखले जातात.

याच मंडळींनी त्याआधी १९८९मध्ये ‘फायनल फाइट’ केला होता, आणि चुन-ली समजून घ्यायची तर त्याच्याकडे बघावंच लागतं. मेट्रो सिटी नावाच्या शहरात टोळीने महापौर हॅगरच्या मुलीला, जेसिकाला, पळवून नेलं आहे आणि तिला सोडवायला तीन पुरुष रस्त्यावर उतरतात. बाई म्हणजे सोडवून आणायची वस्तू. त्याच खेळात टोळीच्या बाजूने पॉयझन आणि रॉक्सी या दोघी मारामारी करायच्या, पण घरी खेळायच्या सुपर निन्टेंडो मशीनसाठीच्या अमेरिकी आवृत्तीत त्या दोघींना काढून त्यांच्या जागी पुरुष आणले गेले. बाईला मारलेलं तिकडच्या लोकांना खपणार नाही, अशी भीती होती.

म्हणजे बाईसाठी दोनच जागा शिल्लक होत्या. ती संकटात तरी असावी, नाहीतर पडद्यावर नसावीच. समोरासमोरच्या लढतीत बाई दिसणं अगदीच नवं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कोनामीच्या ‘येई आर कुंगफू’त स्टार आणि फॅन या दोघी प्रतिस्पर्धी म्हणून यायच्या. पण त्या मशीनच्या ताब्यात असायच्या. ‘स्ट्रीट फायटर २’ने बाई खेळणाऱ्याच्या हातात दिली आणि समोर कुणीही आला, अगदी पोलादी अंगाचा रशियन पैलवान झॅन्गिफ आला, तरी तिला त्याच्याशी बरोबरीने लढायला उभं केलं. अशी जगभर खेळली गेलेली ती पहिलीच.

रूप

अकिमान यांनी तिला काय काय दिलं ते पाहा. निळा चिनी झगा, दोन्ही बाजूंना वरपर्यंत चिरलेला. डोक्याच्या दोन बाजूंना दोन अंबाडे, त्यांवर पांढऱ्या कापडाच्या टोप्या आणि खाली लोंबणाऱ्या फिती. मनगटात काटेरी जाड कडी. पायात पांढरे, घोट्याच्या वर चढणारे लढाऊ बूट. आणि मांड्या, ज्या त्या काळातल्या चित्रांच्या मानाने चांगल्याच भरलेल्या होत्या. लाथांवर लढणाऱ्या बाईचे पाय काडीसारखे असून चालणार नाहीत, हे त्या चित्रातच दिसतं. कडी आणि बूट यांचं मला विशेष वाटतं. झगा नाजूक आहे, पण शरीराची जी दोन टोकं समोरच्यावर आदळणार तिथे लोखंड आणि चामडं आहे.

हे सगळं तेव्हाच्या तुटपुंज्या जागेत बसवायचं होतं. सीपीएस-१ या मशीनच्या चिपमध्ये चित्रांसाठी ठरलेलीच जागा असायची आणि कॅपकॉमचे चित्रकार कोणतं चित्र कुठे मावेल याची जुळवाजुळव हाताने, कागदावर करायचे. ती जागा किती काटेकोर होती याचा एक किस्सा अकिमान यांनीच सांगितलेला आहे. खेळाच्या ‘द वर्ल्ड वॉरिअर’ या उपशीर्षकातल्या ‘वॉरिअर’ शब्दात एक अक्षर चुकल्याचं अगदी शेवटी लक्षात आलं. तोवर चित्रं चिपमध्ये पक्की झाली होती, नवं काही घालता येत नव्हतं. मग गाइलच्या पायाच्या चित्रातला एक बारीकसा तुकडा उचलून चुकीच्या अक्षरावर चिकटवला आणि वेळ निभावली. अशा अडचणीच्या जागेत चुन-लीच्या प्रत्येक लाथेचं चित्र बसलेलं आहे.

कथेत ती इंटरपोलची अधिकारी. तिचे वडीलही तपास करणारे, शॅडालू नावाच्या टोळीच्या मागावर असताना मारले गेले. टोळीचा म्होरक्या बायसन या स्पर्धेचा शेवटचा प्रतिस्पर्धी आहे, म्हणून ती स्पर्धेत उतरते. आठ जणांपैकी गाइल आणि चुन-ली या दोघांकडेच बायसनपर्यंत जाण्याचं असं पक्कं, रक्ताचं कारण होतं. गाइलला मित्राचा सूड घ्यायचा होता, हिला बापाचा.

तिची लढत चीनमधल्या एका बाजाराच्या रस्त्यावर होते. मागे दुकानं, मधून सायकलवाले जातात, एक माणूस कोंबडीची मान धरून उभा असतो आणि समोर मारामारी चालली आहे याचं कुणालाच फारसं काही नसतं. वर योको शिमोमुरा यांचं संगीत. खेळातलं बहुतेक संगीत त्यांचंच आहे, आणि चुन-लीची धून तर आजही पहिल्या चार सुरांत ओळखू येते. ज्या खेळात लढणारी बाई एकच होती त्याला आवाज देणारीही एक बाई होती, ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते.

वाद

आता मुद्द्याकडे येतो. खेळ बनवणाऱ्यांपैकी एकाचा प्रस्ताव होता: चुन-लीची लाइफची पट्टी इतरांपेक्षा आखूड ठेवावी. कारण सरळ होतं. बाई पुरुषाइतकी बळकट नसते, मग खेळातही ते दिसावं. त्यांच्यातल्याच दुसऱ्याला हे पटलं नाही. पट्टी आखूड झाली नाही.

प्रस्ताव मांडणाऱ्याला दुष्ट ठरवून मोकळं होण्यात अर्थ नाही. खेळ आखणाऱ्याच्या डोक्यात हा विचार येणं साहजिक आहे. झॅन्गिफ वजनदार आहे म्हणून तो सावकाश चालतो, धाल्सिम योगी आहे म्हणून त्याचे हातपाय लांबतात, मग बाई आहे म्हणून काहीतरी वेगळं हवंच. प्रश्न एवढाच की ते वेगळेपण कुठे लिहायचं.

पट्टी आखूड केली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहावा. चुन-ली घेणारा प्रत्येक जण पहिल्या क्षणापासून मागे असता. पार्लरमध्ये जिंकणारा मशीनवर टिकतो आणि हरणाऱ्याला नवं नाणं टाकावं लागतं. तिथे आखूड पट्टीचं पात्र कोण घेणार? एकतर नवखा, नाहीतर समोरच्याला चिडवायला निघालेला उस्ताद. महिन्याभरात तिची ओळख ‘कच्चा लिंबू’ अशी झाली असती आणि ती खेळाडूंनी आपली म्हणून कधीच उचलली नसती. शिवाय आकड्यात लिहिलेला कमकुवतपणा खेळाडूला भरून काढता येत नाही. चाल सावकाश असेल तर अंतर राखून खेळता येतं, हात तोकडे असतील तर जवळ घुसता येतं. पण लाइफच कमी असेल तर त्यावर कसब चालत नाही. दोन चुका माफ असणाऱ्याशी एक चूक माफ असणारीने लढायचं, एवढंच उरतं.

ते झालं नाही आणि वेगळेपण गेलं हालचालीत. चुन-ली भराभर चालते. तिची उडी उंच आणि तरंगती. पडद्याच्या कडेवर पाय देऊन ती उलट दिशेने झेप घेते, त्यामुळे कोपऱ्यात सापडलेली चुन-ली सापडली आहे असं कधीच समजू नये. हवेतून खाली येताना समोरच्याच्या डोक्यावर पाय ठेवून पुन्हा वर जाते. समोरचाही उडालेला असेल तर त्याला हवेतच धरून आपटते.

तिच्या दोन खास चालींचं हाताला जाणवणारं वेगळेपण तर फारच विचारपूर्वक केलेलं आहे. रियूचा ‘हादोकेन’ हा गोळा निघायला जॉयस्टिक पावगोल फिरवून ठोसा मारावा लागतो, हे अनेकांना पहिल्या दिवशी जमायचं नाही. चुन-लीच्या ‘ह्याकुरेत्सुक्याकु’ला लाथेचं बटण दणादण दाबत राहायचं, बस्स. पडद्यावर तिचा एक पाय जमिनीवर आणि दुसरा इतक्या वेगाने चालतो की पायांचा पंखाच दिसतो. दुसरी ‘स्पिनिंग बर्ड किक’: जॉयस्टिकची काठी खाली दाबून धरायची, थोडं थांबायचं, मग एकदम वर करून लाथ. ती उलटी होते, पाय पसरते आणि भिंगरीसारखी समोरच्यावर जाते. पहिली चाल नवख्या पोराला पहिल्याच नाण्यात जमायची, दुसरीला थांबण्याचा धीर लागायचा. शिकायला सोपी आणि मुरायला वेळ घेणारी, असं ते पात्र होतं.

पहिल्या आवृत्तीत तिच्याकडे लांबून फेकायचं काही नव्हतं. रियू-केनचे गोळे आणि गाइलचे सॉनिक बूम चुकवत तिला पोचावं लागायचं. १९९२च्या अखेरीस आलेल्या ‘हायपर फायटिंग’ आवृत्तीत तिला ‘किकोकेन’ हा गोळा मिळाला. दुबळेपणाची भरपाई म्हणून तिची पट्टी वाढवली नाही की कुणाची कमी केली नाही, तिला नवी चाल दिली. मूळ निर्णयाशी हे सुसंगतच होतं.

राहून गेलेलं

पण ही सगळीच गोष्ट कौतुकाची नाही. खेळाच्या अधिकृत माहितीत प्रत्येकाची उंची आणि वजन दिलेलं असायचं. चुन-लीच्या वजनापुढे काय? ‘गुपित’. जिची ताकद इतरांच्या बरोबरीची ठेवायला कुणीतरी भांडलं, तिचं वजन मात्र बायकांचं वय-वजन विचारू नये या जुन्या संकेतात बसवलं. झॅन्गिफचं वजन अभिमानाने छापायचं आणि हिचं लपवायचं. वजन हा लढणाऱ्याच्या अंगाचा साधा तपशील आहे, त्यात लाजण्यासारखं काही नसतं.

शेवटही तसाच. बायसनला हरवल्यावर ती वडिलांच्या थडग्यापाशी जाते, सूड पूर्ण झाल्याचं सांगते आणि लढाऊ पोशाख टाकून चारचौघींसारखी मुलगी होऊन निघून जाते. जणू इतकं सगळं लढणं ही एक अडचण होती आणि ती दूर झाली की तिने ‘नॉर्मल’ व्हायचं. केन, रियू किंवा चार खलनायकांतला सागाट यांच्यापैकी कुणाच्याही शेवटात ‘आता साधा मुलगा हो’ असं येत नाही. १९९३च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’मध्ये हा शेवट बदलला. साधं आयुष्य की तपासाचं काम, हे खेळाडूने निवडायचं. दोन वर्षांत इतका बदल झाला याचं मला बरं वाटतं.

झग्याच्या चिरांबद्दल आणि उलट्या लाथेच्या चित्रांबद्दल आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते रास्त आहेत. खेळ बनवणारे आणि आर्केडमधले गिऱ्हाईक दोन्हीकडे बहुतांश पुरुष, त्यामुळे नजर कुणाची होती हे उघड आहे. १९९५च्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’त तिची तरुणपणची कथा सांगताना तिला अंगाबरोबरचा व्यायामाचा पोशाख, वर जाकीट आणि पायात स्पोर्ट शूज दिले. पळणाऱ्या-उडणाऱ्या मुलीचे ते कपडे होते. लोकांना मात्र आठवतो तो झगाच.

एक भारतीय वाचक म्हणून धाल्सिमबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच खेळात, त्याच टेबलावर बनलेला आपला हा माणूस: गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, मागे हत्ती, लांबणारे हात. त्याच्या मुलाचं नाव दत्ता आहे, जे आपल्याकडे कुठल्याही गल्लीत हाक मारली तर दोघे-तिघे वळून बघतील असं नाव. चुन-लीच्या मागचा रस्ता निदान माणसं राहत असतील असा वाटतो. धाल्सिमला जे मिळालं ते पोस्टकार्डावरचा भारत होता.

पाठोपाठ आलेल्या

‘स्ट्रीट फायटर २’ प्रचंड चालला. १९९२च्या सुपर निन्टेंडो आवृत्तीच्या एकट्याच्या ६३ लाख प्रती खपल्या. दोघांच्या लढतीचा खेळ हा आर्केडचा मुख्य धंदा झाला आणि प्रत्येक कंपनीने आपली चुन-ली आणली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये सात जणांत सोन्या ब्लेड. एसएनकेच्या ‘फेटल फ्युरी २’मध्ये आठ जणांत माई शिरानुई. सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये आठांत पाई आणि सारा, नामकोच्या ‘टेकन’मध्ये आठांत नीना आणि मिशेल. कॅपकॉमने स्वतः १९९३मध्ये सोळा जणांत चुन-लीच्या सोबतीला कॅमी आणली.

या आकड्यांत तिचा वारसा दोन्ही अंगांनी दिसतो. तिच्यामुळे दार उघडलं हे खरं. पण पुढच्यांनी त्याचा अर्थ ‘एक जागा बाईची’ असा घेतला आणि आठ-दहा जणांत एक, फार तर दोन, हे प्रमाण वर्षानुवर्षं तसंच राहिलं. २०२३च्या जूनमध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’ आला तेव्हा सुरुवातीच्या अठरा जणांत सात बायका होत्या.

खेळाबाहेरही ती लवकर गेली. १९९३च्या ‘सिटी हंटर’ या हाँगकाँगच्या चित्रपटात जॅकी चॅन एका मारामारीत चक्क चुन-ली होतो, अंबाडे आणि झग्यासकट. १९९४च्या हॉलिवूडपटात मिंग-ना वेन चुन-ली झाली. त्याच चित्रपटात धाल्सिम रोशन सेठ यांनी केला होता. २००९मध्ये तिच्याच नावाचा चित्रपट निघाला, तो साफ पडला. नव्या हॉलिवूडपटासाठी चुन-ली म्हणून कॅलिना लियांगची आणि धाल्सिम म्हणून आपल्या विद्युत जामवालची निवड जाहीर झाली आहे. चित्रपटांबद्दल यापेक्षा जास्त लिहावंसं वाटत नाही, कारण तिची खरी ओळख खेळाडूंच्या हातात घडली.

पोमोना, २००४

१९९७मध्ये ‘स्ट्रीट फायटर ३’ आला तेव्हा कॅपकॉमने जुनी पात्रं जवळपास सगळी काढून टाकली. रियू आणि केन एवढेच राहिले. चुन-ली नव्हती. १९९९मध्ये याच खेळाची तिसरी आवृत्ती ‘थर्ड स्ट्राइक’ आली आणि तिच्यात चुन-लीला परत आणलं. या वेळी ती इतकी भारी निघाली की खेळाडू आजही यून, केन आणि चुन-ली ही तीन नावं बाकीच्यांपासून वेगळी काढून सांगतात. तिची बसून मारलेली मधली लाथ लांबवर पोचायची, आणि ती लागली असं दिसलं की लगेच ‘होयोकुसेन’ हा सुपर, म्हणजे तिची सर्वांत जोरदार चाल, सोडता यायचा: पायांच्या फटक्यांची सलग सरबत्ती. चुन-लीशी लढणारा तिच्या पायाच्या टप्प्यात यायलाच कचरायचा.

ऑगस्ट २००४मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या विद्यापीठात ‘इव्हो’ ही फायटिंग गेमची स्पर्धा भरली होती. हरलेल्यांच्या गटाची अंतिम लढत. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा, त्याच्याकडे केन. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग, त्याच्याकडे चुन-ली. निर्णायक क्षणी केनची लाइफ इतकी थोडी उरली होती की पट्टीत जेमतेम एक रेघ दिसत होती. या खेळात खास चाली अडवल्या तरी थोडा मार बसतोच, म्हणजे जस्टिनने होयोकुसेन सोडला की दाइगोने अडवूनही केन मेला. जस्टिनने सोडला.

एकच वाट होती. ‘थर्ड स्ट्राइक’मध्ये ‘पॅरी’ असते. एरवी मार अडवायला काठी मागे ओढतात. पॅरीसाठी ती नेमकी फटका लागण्याच्या वेळी पुढे, म्हणजे मार येतो त्या दिशेला, ढकलायची. जमलं तर काहीच मार बसत नाही, चुकलं तर पूर्ण बसतो. होयोकुसेनचे फटके पंधरा, त्यांचा ताल सारखा नाही, आणि पहिला इतका पटकन येतो की तो बघून हात हलवायला वेळच नसतो, आधीच अंदाज घ्यावा लागतो. दाइगोने पंधराच्या पंधरा पॅरी केले. शेवटची लाथ उडी मारून हवेत पॅरी केली, त्याच उडीतून उलटा मार सुरू केला आणि केनच्या सुपरने फेरी संपवली. तोवर सभागृह उभं राहून ओरडत होतं. दाइगो अंतिम फेरीत मात्र केंजी ओबाताच्या यूनकडून हरला.

हे चित्रण फायटिंग गेमच्या जगात सर्वाधिक पाहिलं गेलेल्यांपैकी आहे. ‘इव्हो मोमेंट ३७’ या नावाने ते ओळखलं जातं आणि २०११मध्ये कॅपकॉमने ‘थर्ड स्ट्राइक’ पुन्हा काढला तेव्हा हाच प्रसंग खेळाडूंनी स्वतः करून पाहायचं आव्हान म्हणून त्यात घातला. सगळे दाइगोबद्दल बोलतात, आणि बोलावंच. पण मी ते चित्रण पाहतो तेव्हा चुन-लीकडे पाहतो. तिच्यासमोर एक रेघ लाइफ घेऊन उभं असणं म्हणजे संपलंच, असं सभागृहातला प्रत्येक जण धरून चालला होता. तो चमत्कार वाटतो कारण समोर ती होती. बाई आहे म्हणून जिची पट्टी आखूड करायची की नाही यावर ओसाकात वाद झाला होता, तिला तेरा वर्षांनी हरवणं हा जगातल्या उत्तम खेळाडूंसाठी पराक्रम झाला होता.

पुढचे आकडे

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की पुढे कधीतरी तिची लाइफ कमी झाली. ‘सुपर स्ट्रीट फायटर ४’मध्ये रियूची १००० आणि चुन-लीची ९०० आहे. मग आखूड पट्टीचं ते जुनंच म्हणणं मागच्या दाराने आत आलं का? मला तसं वाटत नाही. त्याच खेळात धाल्सिमचीही ९०० आहे, आणि अकुमाची, जो गोष्टीत सर्वांत भयंकर पुरुष आहे, त्याची ८५०. ज्याच्याकडे हत्यारं जास्त त्याला चूक महाग पडावी, असा तो हिशेब आहे. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये चुन-ली आणि रियू दोघांची १०,०००. अकुमाची ९,०००, झॅन्गिफची ११,०००. आणि मारिसा नावाची सहा फुटांहून उंच, खांद्यांनी भरलेली इटालियन बाई आहे, तिची १०,५००. आकडा देहाकडे आणि चालींकडे पाहून ठरतो.

या सहाव्या भागातली चुन-ली वयाने मोठी झालेली आहे. शॅडालू संपली आहे. तिने लि-फेन या मुलीचा सांभाळ केला आहे आणि मेट्रो सिटीच्या चायनाटाउनमध्ये ती कुंगफू शिकवते. ‘वर्ल्ड टूर’ या प्रकारात खेळाडू स्वतःचं पात्र बनवतो, हवं ते अंग, हवा तो चेहरा देऊन, आणि शहरात फिरताना सुरुवातीलाच तिच्याकडे येऊन पोचतो. तिचा किंवा तिची शिष्य म्हणून शिकलं की तिच्या चाली आपल्या पात्राला मिळतात. दाढीवाला धिप्पाड गडी बनवलेला असो की शिडशिडीत म्हातारी, बटण दाबलं की एक पाय जमिनीवर राहतो आणि दुसऱ्याचा पंखा होतो.